देशाला रंग कुठून येतो? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातल्या, म्हणजे एनजीएमएतल्या, चित्रकार नंदलाल बोस यांनी 1938 च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी केलेल्या एका पोस्टरचा फोटो छापला होता आणि विचारलं होतं की चित्रात देश दिसतो म्हणजे नक्की काय दिसतं, झेंडा, नकाशा, माणसं की रंग? उत्तरं थोडीच आली, उलट प्रश्न मात्र भरपूर आले, आणि खरं सांगायचं तर ते जास्त आवडले. त्यातले काही इथे घेतलेत. पत्रं कापूनछाटून लहान केलीयत, राग मानू नये. ज्यांनी फक्त शिव्या घातल्यात त्यांनाही नमस्कार.

प्रश्न : नवऱ्याच्या बदलीमुळे दोन वर्षं दिल्लीत आहे. तुमचा फोटो बघून मुद्दाम जयपूर हाऊसला, म्हणजे एनजीएमएच्या इमारतीत, जाऊन पोस्टर्स बघून आले. छान आहेत पण खरं सांगू का, फारच साधी वाटली, चार-पाच रंग, जाड रेघा, शेतकरी नाहीतर ढोलवाला. ह्याच्यात एवढं राष्ट्रीय काय आहे? तिरंगा तर कुठेच दिसला नाही. (एक वाचक, सध्या नवी दिल्ली, मूळ भुसावळ)

ताई, तुम्ही भुसावळच्या निघालात म्हणून गोष्ट तुमच्या माहेराजवळूनच सुरू करतो, कारण हरिपुऱ्याची तयारी एका अर्थी फैजपूरला झाली. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन ते, नेहरू अध्यक्ष, साने गुरुजी खानदेशात गावोगाव फिरून त्याच्यासाठी राबलेले, हे सगळं तुम्हाला शाळेत शिकवलं असेलच. पण त्या अधिवेशनाचं नगर सजवायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलालांना बोलावलं होतं हे सहसा कोणी सांगत नाही. नंदलाल आधी का-कू करत होते म्हणतात, मी चित्रकार आहे, मांडव उभे करणं माझं काम नव्हे वगैरे. गांधीजींची अट एकच, जे काय उभं कराल ते इथल्याच सामानातून आणि इथल्याच माणसांकडून. मग बांबू, गवत, चटया, जे खानदेशात हाताशी होतं त्यातून सगळं उभं राहिलं. शहरातून डेकोरेटर नाही आणि पताकांचा झगमगाट नाही.

त्यानंतर सव्वा वर्षाने हरिपुरा. गुजरातेत बारडोलीकडे तापीच्या काठचं गाव, फेब्रुवारी 1938, अध्यक्ष सुभाषबाबू. तिथे नंदलालांनी मांडवाच्या पुढची पायरी गाठली. हातकागद घेतला, तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवला आणि त्याच्यावर टेम्परात चित्रं काढली, म्हणजे खनिज रंगाची पूड पाण्यात कालवून तिला चिकटपणा यायला डिंकासारखं काहीतरी घालायचं, बस. तेल नाही आणि विलायती कॅनव्हासही नाही. मूळ पॅनल त्यांनी स्वतः केली आणि शिष्यांनी त्यांच्या नकला केल्या, सगळी मिळून संख्या 400 च्या आसपास जाते. ही कुठल्या हॉलमध्ये फ्रेम करून लावायची नव्हतीच मुळी. अधिवेशनाच्या नगराच्या कमानींवर, तंबूंवर, येण्याजाण्याच्या वाटेवर लावली. बघणारे कोण, तर बैलगाडीतून आलेले शेतकरी, ज्यांनी जन्मात कधी आर्ट गॅलरीचं तोंड पाहिलं नव्हतं.

आता तुम्हाला साधी वाटली ती का, ते बघा. ‘टिलर ऑफ द सॉईल’ नावाचं पॅनल आठवतंय का, नांगर धरलेला शेतकरी आणि पुढे बैल? त्याला वर कमान आहे, देवळातल्या कोनाड्याला असते तशी. म्हणजे कोनाड्यात जिथे आपल्याला देव बघायची सवय तिथे हा बाबा नांगर धरून उभा. आणि रंग बघा, सपाट लावलेत, कुठेही सावली दिलेली नाही, उजेड एका बाजूने आलाय असं काही नाही. बाह्यरेषा मात्र अशी मारलीय की हात थांबलेलाच नाही, जाड होत जाते आणि वळणावर बारीक होते. चालत्या माणसाला दहा-पंधरा हातांवरून, एका नजरेत कळलं पाहिजे असं ते चित्र आहे, थांबून डोळे बारीक करून बघायचं नाहीच. गेरूसारखा तांबडा, पिवडीचा पिवळा, काळा, पांढरा, कुठे हिरवा नाहीतर निळा, ह्यापलीकडे फारसं काही नाही कारण वाटेवरच्या चित्राला त्याची गरजच नाही.

तिरंगा नाही म्हणालात, बरोबर पकडलंत. पुढारी तरी कुठे आहेत? राजकीय पक्षाच्या अधिवेशनासाठी केलेलं काम, आणि आज जी पॅनल बघायला मिळतात त्यात ना गांधी, ना नेहरू, ना सुभाष. ढोलवाले आहेत, शिकारी आहेत, कामात गढलेल्या बाया आहेत, जनावरं आहेत. आजच्या कुठल्याही पक्षाच्या अधिवेशनाचा रस्ता डोळ्यासमोर आणा आणि फ्लेक्सवरचे चेहरे मोजा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. माझ्या मते त्या पोस्टर्समधलं राष्ट्रीय आहे ते इथेच, देश कोणाचा ह्याचं उत्तर नंदलालांनी झेंड्याच्या रंगात दिलं नाही, बघणाऱ्याच्या पायाखालच्या मातीच्या रंगात दिलं, आणि त्यांनी तसा रंग निवडला त्यात तत्त्वज्ञान जेवढं तेवढाच व्यवहारही होता, स्वस्त आणि हाताशी असलेला रंग होता तो.

हेच नंदलाल पुढे शांतिनिकेतनच्या मंडळींना घेऊन राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखित प्रतीची पानं सजवतात, ते काम बघायचा योग आला तर जरूर बघा, तिथले रंग अगदीच वेगळे आहेत, सोनेरी वगैरे. मला स्वतःला हरिपुरा जास्त आवडतं.

प्रश्न : मी बीएफएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे एक सर कायम सांगतात इंडियन पॅलेट वापरा, म्हणजे कुंकवाचा लाल, हळदीचा पिवळा, भगवा, मोरपिशी. ग्रे किंवा फिकट काही लावलं की म्हणतात हे वेस्टर्न झालं. खरंच असं इंडियन पॅलेट असतं का? की सर पण कुठूनतरी ऐकून सांगतायत? (एक विद्यार्थी, नाशिक)

सरांशी भांडू नकोस, सबमिशन त्यांच्याच हातात आहे. पण तुझ्या मनात किडा वळवळतोय तो बरोबर आहे.

तू नाशिकचा, म्हणजे अजिंठा काही फार लांब नाही. जा आणि पाचव्या शतकातली लेणी रंगासाठी बघ, बुद्धाच्या गोष्टी नंतर. तांबडा म्हणजे गेरू, पिवळा म्हणजे पिवळी माती, पांढरा चुन्याचा, काळा काजळीचा, हिरवासुद्धा हिरव्या मातीचा. ही सगळी आपली माती, मान्य. आता मधेच कुठेतरी एखाद्या दागिन्यात नाहीतर कापडात जो खोल निळा दिसतो ना, तो लाजवर्दाचा, आणि तो दगड आपल्याकडे निघतच नाही, तो येतो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या डोंगरातून. म्हणजे ज्याला आपण भारतीय चित्रकलेचं मूळपीठ म्हणतो तिथला निळा रंग दीड हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर आलेला आहे. सरांना विचार, हा इंडियन पॅलेटमध्ये धरायचा की नाही.

आता भगव्याकडे ये. 1905 साली, बंगालच्या फाळणीचं वातावरण तापलेलं असताना, अवनींद्रनाथ टागोरांनी ‘भारतमाता’ काढली, आधी तिला बंगमाता म्हणत होते. भगव्या वस्त्रातली तरुण संन्यासिनी, चार हात, हातांत भाताच्या ओंब्या, पांढरं वस्त्र, पोथी आणि जपमाळ, म्हणजे अन्न, वस्त्र, शिक्षा, दीक्षा. पायाशी पांढरी कमळं. आज आपण भारतमातेचं जे भडक कॅलेंडर बघतो, सिंह, नकाशा, त्रिशूळ, तसलं तिथे काहीच नाही, आणि मुख्य म्हणजे तिचा भगवा भडक नाहीये, धुवट आहे, पहाटेच्या धुक्यात उभी असल्यासारखी दिसते ती. हा परिणाम कसा आला माहितीये का? वॉश पद्धतीने. पातळ रंग लावायचा, वाळला की चित्र पाण्यात भिजवायचं, परत रंग, परत पाणी, असं करत करत कडा विरघळतात आणि रंग कागदात मुरतो. आणि ही युक्ती अवनींद्रनाथांना मिळाली ती 1903 मध्ये कोलकात्यात येऊन राहिलेल्या योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो ह्या जपानी चित्रकारांकडून. त्यांना पाठवणारे जपानी कलाविचारक ओकाकुरा, ज्यांना आशियाची कला एक आहे असं सिद्ध करायचं होतं, इंग्रजी तैलरंगाच्या विरोधात. म्हणजे बघ, स्वदेशीचं सगळ्यात गाजलेलं चित्र, त्याचा रंग अगदी भगवा, आणि तो लावायची रीत जपानी. त्याने ते कमी भारतीय होतं का? मला नाही वाटत. पण मग ‘ग्रे लावला की वेस्टर्न’ हे गणितही टिकत नाही, कारण ‘भारतमाता’ निम्मीअधिक करड्या-हिरवट धुरकटपणातच आहे.

आणि त्यांच्या आधीचे राजा रविवर्मा? त्यांचा छापखाना 1894 ला मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली यंत्रं जर्मन आणि तंत्रज्ञही जर्मन, शेवटी छापखाना विकत घेतला तोही फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मनानेच. आपल्या आज्यांच्या देवघरातली गुलाबी साडीतली लक्ष्मी ह्या वाटेने आली. अवनींद्रनाथांच्या गोटातले लोक रविवर्म्याला परदेशी छापाचा म्हणून नावं ठेवत होते, आणि स्वतः जपानी वॉश लावत होते. दोघांचंही आपलं म्हणून झालं, कारण लोकांनी ते आपलं म्हणून भिंतीवर लावलं.

पिवळ्याची गोष्ट तर त्याहून भारी. युरोपात ‘इंडियन यलो’ नावाने विकला जायचा तो रंग, आपल्याकडे पहाडी आणि मुघल चित्रांत दिसतो तो उन्हासारखा पिवळा. 1883 मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जींनी एक पत्र लिहून कळवलं की तो बिहारात मुंगेरजवळ मिर्झापूर नावाच्या गावात गायींना आंब्याची पानं खायला घालून त्यांच्या मूत्रातून बनवतात. नंतर बरीच वर्षं लोक म्हणत राहिले की मुखर्जींनी थापा मारल्या, पण अलीकडे प्रयोगशाळेत जुने नमुने तपासले तेव्हा रंग मूत्रातूनच आलाय ह्याच बाजूने पुरावा निघाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बाजारातून गेला. आज ट्यूबवर इंडियन यलो लिहिलेलं असतं पण आत कारखान्यातलं रसायन असतं, तेव्हा नावावर जाऊ नकोस.

तुझ्यासाठी खरा अभ्यास जामिनी रॉय. कोलकात्याच्या आर्ट स्कूलमध्ये शिकून तैलरंगात साहेबी पोर्ट्रेट करायचे, चांगलं चाललेलं, आणि मग ते सगळं सोडून बंगालमधल्या बांकुड्याकडच्या पटुआंच्या, म्हणजे गावाकडच्या पटचित्रकारांच्या, पद्धतीवर गेले. कॅनव्हास गेला, कापड, चटई, चुना लावलेली लाकडी फळी आली. रंग मोजके, सातेक, माती-दगड-काजळीचे, आणि चिकटवायला चिंचोक्याची खळ. त्यांनी इंडियन दिसायला म्हणून लाल लावला नाही, आधी सामान बदललं आणि मग रंग आपोआप बदलला. हा फरक तुझ्या सरांना एकदा चहावर समजावून सांग, वर्गात नको.

अमृता शेरगिल पण बघ. आई हंगेरियन, शिक्षण पॅरिसचं, आणि 1936 च्या अखेरीला अजिंठा बघून दक्षिणेत गेली, त्यानंतरच्या ‘ब्रह्मचारी’, ‘ब्राइड्स टॉयलेट’ ह्या चित्रांत तिचा लाल आणि तपकिरी पूर्ण वेगळा झाला. तिच्या पांढऱ्याकडे जरा निरखून बघ, धोतराचा पांढरा. सर त्याला काय म्हणतात ते मला कळव.

आणि हो, नंदलाल सुद्धा अजिंठ्यालाच शिकले. 1909-10 च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज बाईंनी भित्तिचित्रांच्या नकला करायचं काम काढलं होतं, तेव्हा कोलकात्याहून जी पोरं आली त्यात ते होते. हरिपुऱ्याची ती न थांबणारी रेषा कुठून आली असेल हा प्रश्न त्यामुळे फार अवघड राहत नाही.

प्रश्न : आमच्याकडे व्हॉट्सअॅपवर कायम वाद चालतो की झेंड्यातला भगवा हिंदूंचा आणि हिरवा मुसलमानांचा. काहीजण म्हणतात असं काही नाही, ते त्याग आणि समृद्धी वगैरे. खरं काय? आणि भगव्याची नेमकी शेड कोण ठरवतं, दर 15 ऑगस्टला प्रत्येक झेंडा वेगळाच दिसतो. (एक वाचक, नांदेड)

दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे, फक्त साल वेगळं आहे, आणि व्हॉट्सअॅपवर साल कोणी टाकत नाही.

1921 मध्ये पिंगली व्यंकय्यांनी बेजवाड्यात गांधीजींना झेंड्याचा नमुना दाखवला तेव्हा त्यात लाल आणि हिरवा होता, पांढरा गांधीजींनी घालायला लावला, आणि हो, तेव्हा अर्थ धर्मांचाच होता, लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी सगळ्यांचा. मग साहजिकच बाकीचे म्हणायला लागले की आम्ही एका ‘बाकी’त का? शिखांनी तर स्वतःचा रंग मागितला. ह्या मार्गाने गेलं असतं तर झेंड्याचा इंद्रधनुष्य झाला असता. म्हणून 1931 मध्ये काँग्रेसने एक समिती नेमली, पटेल, नेहरू, आझाद, मास्टर तारासिंग, पट्टाभी सीतारामय्या, आपले काका कालेलकर आणि हुबळीचे डॉ. हर्डीकर. ह्या समितीने काय सुचवलं माहितीये? पूर्ण झेंडा एकाच केशरी रंगाचा आणि त्यावर चरखा. हे ऐकून व्हॉट्सअॅपवरच्या दोन्ही बाजू जरा गडबडतील, कारण ह्या शिफारशीवर आझादांचंही नाव आहे. पण काँग्रेसने ते स्वीकारलं नाही. ऑगस्ट 1931 मध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा आणि मधे निळा चरखा असा तिरंगा मंजूर झाला आणि त्याच वेळी स्पष्ट सांगितलं गेलं की आता रंग जमातींचे नाहीत, गुणांचे आहेत. 22 जुलै 1947 ला घटना समितीने चरख्याच्या जागी अशोकचक्र घेऊन तोच झेंडा स्वीकारला, तेव्हा राधाकृष्णन यांनी हिरव्याचा संबंध मातीशी आणि झाडापाल्याशी जोडून सांगितला. थोडक्यात, रंग तसाच राहिला आणि त्याचा अर्थ मात्र बैठकीत ठराव करून बदलला गेला. कोणाला हे कृत्रिम वाटेल, मला तर हे फार मोठ्या शहाणपणाचं वाटतं.

शेडचं म्हणाल तर ती ठरलेली आहे आणि फार काटेकोर ठरलेली आहे. भारतीय मानकांत जो पहिला क्रमांक आहे ना, आयएस 1, तो झेंड्याचाच, 1951 चा, नंतर 1968 मध्ये सुधारलेला. त्यात केशरी, हिरवा, निळा हे रंग शब्दात दिलेले नाहीत, आकड्यात दिलेत, रंगाचा आलेख असतो त्यातल्या बिंदूंनी. तो आलेख ज्या आंतरराष्ट्रीय पद्धतीचा आहे ती पद्धत सुद्धा 1931 सालीच ठरली, हा निव्वळ योगायोग पण मला फार आवडतो. तुमच्या नांदेडातच खादी समितीत झेंडे बनतात, कधी जाऊन बघा, आणि हुबळीजवळ बेंगेरीला बनतात. तिथे रंग तपासला जातो, धागा तपासला जातो. मग दर 15 ऑगस्टला वेगळा का दिसतो, तर डिसेंबर 2021 मध्ये ध्वजसंहिता बदलली आणि पॉलिस्टरला, मशीनच्या कापडाला परवानगी मिळाली, त्यात सिग्नलवर मिळणाऱ्या झेंड्याची शेड कोण मोजत बसलंय. पॉलिस्टरवर भगवा चमकतो, खादीवर तो मुरतो. हात लावून बघितलंत तर आकड्याशिवाय कळेल.

प्रश्न : 2019 मध्ये आम्ही व्हेनिस बिएनालेला, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय कला प्रदर्शनाला, गेलो होतो, भारताचं दालन आहे म्हणून उत्साहाने शिरलो तर सगळं तपकिरी आणि धूसर. बरोबरच्या जर्मन मैत्रिणी म्हणाल्या इंडिया म्हणजे आम्हाला कलर वाटलं होतं. मला पण जरा ओशाळल्यासारखं झालं. एवढा रंगीत देश आणि असं का दाखवायचं? (एक वाचक, म्युनिक)

ओशाळायचं काय त्यात, मैत्रिणींना पर्यटन खात्याचं पोस्टर हवं होतं आणि समोर वेगळंच आलं, इतकंच.

ते दालन गांधीजींच्या 150 व्या जयंतीवर होतं, रुबिना करोडे यांनी मांडलेलं, आर्सेनालेमध्ये, म्हणजे व्हेनिसच्या जुन्या जहाजगोदीत. भारताचं अधिकृत दालन त्याआधी 2011 मध्ये होतं, तेव्हा रणजित होस्कोटे क्युरेटर होते, म्हणजे आपण तिथे काही दर खेपेला जात नाही. आठवा बरं काय काय होतं. जी. आर. इराण्णांच्या शेकडो लाकडी खडावा, भिंतभर. जितीश कलाट यांचं काम, गांधीजींनी जुलै 1939 मध्ये हिटलरला लिहिलेलं पत्र, अंधारात धुक्याच्या पडद्यावर पडणारं, आणि बघणारा त्या अक्षरांतून आरपार चालत जातो. मुंबईच्या शकुंतला कुलकर्णी यांची वेताची चिलखतं. आणि ह्या सगळ्यात सगळ्यात रंगीत काय होतं तर, पुन्हा तेच, नंदलालांची हरिपुरा पॅनल, दिल्लीहून नेलेली. म्हणजे त्या दालनात लाकूड, वेत, धूर, माती असा एक रंगपट होता आणि तो गांधीजींच्या विषयाला धरून होता. गांधी म्हटल्यावर मोरपिशी कुठून आणायचा?

‘इंडिया इज कलर’ हे जे आहे ना, ते बाहेरच्यांनी आपल्याला चिकटवलंय आणि आपण ते आनंदाने लावून घेतलंय, कारण त्याने साड्या विकल्या जातात आणि हॉटेलं भरतात. वाईट नाही ते, पण आपण तेवढेच आहोत असं कलाकाराने का मानावं. वैशाखात मराठवाड्यात एक चक्कर मारा, सगळा करडा आणि पिवळट देश दिसेल, तोही तेवढाच आपला आहे.

प्रश्न : चित्रात देश शोधणं हा मास्तरकीचा उद्योग आहे. रंग रंग म्हणून बघू द्या की. बॉम्बे प्रोग्रेसिव्हवाल्या चित्रकारांच्या गटाने ही राष्ट्रीयतेची भानगड 1947 लाच संपवली. (एक वाचक, कोल्हापूर)

मास्तरकी कबूल. पण प्रोग्रेसिव्हवाल्यांनी संपवली म्हणता ते जरा अर्धंच आहे. सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे, गाडे ह्यांनी अवनींद्रनाथांच्या बंगाली धुरकटपणाला रामराम ठोकला हे खरं, 1949 चं त्यांचं मुंबईतलं प्रदर्शन बघून बऱ्याच जणांची झोप उडाली हेही खरं, आणि त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले लँगहॅमर, श्लेसिंगर, फॉन लायडन हे हिटलरच्या काळात युरोपातून आलेले लोक होते, म्हणजे परत आपल्या रंगात बाहेरचा हात. ह्यातल्या विदर्भाच्या गाडेंवर कोणी धड लिहीत नाही, विज्ञानाचा पदवीधर माणूस आणि रंगाची समज अशी की बाकीचे मान डोलवायचे, पण ते जाऊ दे.

रझांचं घ्या. 1950 मध्ये पॅरिसला गेले आणि साठ वर्षं तिथे राहिले, तुमच्या म्हणण्याप्रमाणे तिथे त्यांना फक्त रंग उरायला हवे होते. पण 1981 मध्ये त्यांनी ‘माँ’ काढलं, मोठा काळा बिंदू, भोवती धगधगीत लाल, आणि खाली चक्क देवनागरीत हिंदी कवितेची ओळ. कोणी सांगितलं होतं का त्यांना? 2023 मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तिथे सुरुवातीची मुंबईची जलरंगातली चित्रं आणि शेवटची बिंदूची चित्रं एका माणसाची म्हणून लागली. रंग रंग म्हणून बघा, जरूर बघा, पण चित्रकारालाच देश आठवत असेल तर आपण डोळ्यावर हात कशाला ठेवायचा?

प्रश्न : आमच्या सोसायटीत यंदा 15 ऑगस्टला मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन ठेवतोय, विषय ‘माझ्या देशाचे रंग’. दरवर्षी शंभर तिरंगे आणि शंभर मोर येतात. वेगळं काय करता येईल, स्वस्तात? (एक वाचक, ठाणे)

ह्या वर्षी रंग विकत आणूच नका, मुलांना करू द्या. पूजेच्या सामानाच्या नाहीतर जुन्या रंगवाल्याच्या दुकानात गेरू आणि पिवडी मिळते, पांढऱ्याला खडूची पूड, काळ्याला निरांजनावर ताटली धरून काजळी, निळ्याला कपड्याची नीळ चालेल, फक्त ती झाडाची नीळ नव्हे, कारखान्यातली पावडर आहे हे मुलांना सांगा. पूड वस्त्रगाळ करायची, नाहीतर कागदावर खरखर लागते. चिकटवायला बाभळीचा डिंक रात्री पाण्यात भिजवून गाळून घ्या. जामिनी रॉयसारखं करायचंय तर चिंचोके भाजून, सालं काढून, भिजवून वाटा आणि शिजवून खळ करा, पण ती दोन दिवसांत वास मारते तेव्हा लागेल तेवढीच करा.

प्रमाण असं काही ठरलेलं नाही, लावून बघायचं. वाळल्यावर बोट फिरवलं आणि रंग बोटाला आला तर डिंक कमी पडला, वाळून तडकला तर जास्त झाला. जाड हातकागद नाहीतर खाकी पुठ्ठा घ्या, पातळ ड्रॉइंग पेपर पाण्याने गोळा होतो. प्रत्येक चित्राखाली मुलाने स्वतः लिहायचं की रंग कशाचा आणि कुठून आणला, ते वाचायला बाया-बापडे चित्रापेक्षा जास्त वेळ थांबतील बघा. विषय मात्र देऊ नका. वॉचमन, इस्त्रीवाला, भाजीवाली, जे रोज गेटवर दिसतं ते काढू द्या.

हिरव्यासाठी पालकाचा रस काढायचा मोह होईल, तो आठवड्यात तपकिरी पडतो, त्यापेक्षा पिवडीत थोडी नीळ मिसळा. हळद वापरलीत तर चित्र उन्हाच्या भिंतीवर लावू नका, उडते. आणि ती चुन्याजवळ जाऊ देऊ नका, कुंकू असंच बनतं, पिवळा पंजा काढायला गेलेल्या पोराचा लाल पंजा होईल. की मुद्दाम करून दाखवा, मोठ्यांनी चुना हाताळायचा आणि पोरांना लांब बसवायचं, तासभर हलणार नाहीत जागचे.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न महिनाअखेरपर्यंत पाठवा. नीळ ह्या एकाच रंगावर इतकी पत्रं आलीयत की चंपारणपासून जीन्सपर्यंत सगळं एकदा सलग घ्यावं म्हणतोय.)